बेस म्हणजे चांगलं

जऊळका,
शुक्रवार, दुपारची वेळ

आमचे एकुलते एक शालक, बल्लारशाचे रहिवासी राजपालराव यांस पुंजाजी पडघानचा सप्रेम जयभीम.

गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना अजून आई आठवते का? तुझी बहीण विचारते की डिंकाचे लाडू संपले का, आणि संपले असतील तर डबा कुठे आहे. (लाडवांची तिला काळजी नाही, डब्याची आहे. झाकणावर तिचं नाव कोरलेलं आहे.) आम्ही इकडे सगळे ठीक. म्हणजे मी सोडून सगळे. मी जिवंत आहे, पण माझा आवाज गेला आहे, असं गावाला सांगितलेलं आहे.

फोन करायला काय झालं होतं, असं तू म्हणशील. फोन करता आला असता तर हे लांबलचक लफडं कशाला केलं असतं? लिलाबाई फोन स्पीकरवर टाकूनच माझ्या हाती देते (भावाचा आवाज मलाही ऐकू दे, म्हणते), आणि आमच्या ओसरीवरचा स्पीकर म्हणजे अर्ध्या गल्लीचा रेडिओ. शिवाय सध्या मला माझ्याच घरात माझ्या आवाजात बोलायची चोरी झाली आहे. कारण पुढे येईलच. आधी दार लावून घे आणि मग वाच.

यंदाचा हंगाम तुला वेगळा सांगायला नको. तू स्वतः शेवटचा सामना बघायला अकोल्याला आलास, तेव्हा तुलाही लागण झालीच होती. पण सुरुवात तू पाहिली नाहीस. आपल्या शाळेत मंजुषा मॅडम खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या आणि त्यांनी पोरींना बेसबॉल खेळायला लावलं, तेव्हा गाव हसलं होतं. सोयाबीन निघालेल्या रानात चार कोपऱ्यांना चार पोती अंथरली, ते चार बेस. पोतं म्हणजे बेस आणि जिथून खेळ सुरू होतो ते शेवटचं पोतं म्हणजे घर. एवढं समजलं की खेळ समजला, असं मॅडम म्हणायच्या. मला ते पटलं. घरून निघायचं, तीन पोती फिरायची आणि कोणी हात लावायच्या आत घरी परत यायचं. रेल्वेत बत्तीस वर्षं रूळ तपासत मी दुसरं काय केलं? आणि मग पोरी जिंकायलाच लागल्या. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला. वाशिमहून परत आल्या त्या दिवशी स्टेशनावर ताशा होता, आणि किराणा दुकानवाले जिनदास शेठ, जे आयुष्यात कधी दुकानाचा गल्ला सोडून उठले नव्हते, ते ताशापुढे नाचले. (नाचले म्हणजे दोन्ही हात वर करून जागच्या जागी हलले. पण जिनदास शेठच्या मानाने तो नाचच.) पोरींच्या अंगावरचे निळे शर्ट त्यांनीच शिवून दिले होते. आणि या सगळ्यात आमची नात धम्मदीपा, विनोदची थोरली, दुसऱ्या आणि तिसऱ्या पोत्याच्या मधे अशी उभी राहायची की तिच्या बाजूने बॉल जाणं म्हणजे बंद फाटकातून बैलगाडी जाणं.

आणि प्रत्येक वेळी तिने बॉल अडवला की मी ओरडायचो, "बेस! बेस! लय बेस!" आता तू आपल्याच मुलखातला आहेस, तुला बेस म्हणजे काय ते सांगायला नको. भाजी बेस झाली, पाऊस बेस झाला, पोरगी बेस खेळली. माझ्या आज्याने मला म्हटलं, मी विनोदला म्हटलं, धम्मदीपाला पाळण्यात म्हटलं. तोंडाचं वळणच ते. आणि माझा आवाज तुला माहीत आहे. गाडी येताना अर्ध्या मैलावरच्या गँगला हाक मारून रुळावरून उठवायचं काम मी केलेलं आहे.

आता तो दिवस. शेवटचा डाव, आपल्या पोरींची खेळी संपलेली, दोन्हीकडे पाच-पाच. समोरच्यांची एक पोरगी तिसऱ्या पोत्यावर, घरापासून एकाच धावेवर, आणि त्यांची एकच खेळाडू बाद. त्यांच्या पोरीने जमिनीलगत फटका मारला. धम्मदीपाने अंग झोकून दिलं आणि धुळीतून बॉल उचलला. तुला आठवतं? तिने बॉल घरी टाकायचा होता, बस. घरी फेकला असता तर तिसऱ्या पोत्यावरची पोरगी बाद झाली असती, सामना पुढे चालला असता. आणि तेवढ्यात मी, या मूर्ख पुंजाजीने, छाती फुटेस्तोवर आरोळी ठोकली. बेस. बेस. लय बेस.

मॅडमनी पोरींना एकच शिकवलेलं होतं: बॉल हातात आला की विचार करायचा नाही, हाक ऐकायची. "घर" अशी हाक आली की घरी. "बेस" अशी हाक आली की पहिल्या पोत्याकडे. धम्मदीपाने पहिल्या पोत्याकडे फेकला. तिकडची पोरगी बाद झाली, पण इकडे तिसऱ्या पोत्यावरून निघालेली घरी पोचली. सहा-पाच. हंगाम संपला. तू माझ्या डाव्या हाताला बसला होतास आणि माझ्या आरोळीने तुझा चहा तुझ्या पँटवर सांडला, त्यामुळे तू नक्की काय पाहिलंस मला ठाऊक नाही. पण ऐकलंस मात्र तू. या जगात ऐकलेला आणि ओळखलेला माणूस तू एकटा. आपल्या गावची मंडळी, बायकांसह, पलीकडे ढोलापाशी होती, लिलाबाईने तर भीतीने पदर डोळ्यांवर ओढला होता.

परतीच्या गाडीत कोणी बोललं नाही. गावात तीन दिवस असं वातावरण होतं की नवख्या माणसाने कोण गेलं म्हणून विचारावं. (एकाने विचारलंही. त्याला सांगितलं, अकोल्याला गेलो होतो, तिथेच गेलं सगळं.) लोक पारावर बसून ती एक फेक हाताने करून दाखवत होते. आणि चौथ्या दिवशी धम्मदीपा मॅडमना म्हणाली की मला "बेस" अशी हाक ऐकू आली. मॅडम म्हणाल्या, मी तर "घर" ओरडत होते. झालं. काही पोरींना वाटतं ही आपली चूक मॅडमवर ढकलते आहे. आणि जिनदास शेठना वाटतं की हा कट आहे.

होय, कट. समोरच्यांच्या कोणीतरी इंग्रजी शिकलेल्या माणसाने मुद्दाम "बेस" ओरडून पोरीला फसवलं, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यांच्या मोबाइलात त्या क्षणाचं चित्रीकरण आहे आणि ते दुकानात बसून, गिऱ्हाईक समोर ताटकळत ठेवून, दिवसभर तेच ऐकतात. सुरुवातीला मला बरं वाटलं. इंग्रजी शिकलेला माणूस म्हटल्यावर माझ्यावर कोण संशय घेणार? पण गेल्या शनिवारी मी साखर आणायला गेलो तर शेठ मोबाइल कानाला लावून म्हणाले, "पुंजाजी, दोनदा बेस म्हणून राह्यला हा, अन् तिसऱ्यांदा बेसच्या आंधी कायतरी म्हणते. ढोलामुळे समजून नाही राह्यलं. आवाज आपल्याकडचाच वाटते बरं." माझ्या हातातली पिशवी गळून पडली. तो तिसरा शब्द म्हणजे "लय", राजपाल! तो समजला की इंग्रजी माणूस संपला आणि पुंजाजी सुरू झाला. त्यांचा पुतण्या नमन पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. त्याला ते चित्रीकरण पाठवलं आहे. तो म्हणे ढोल वेगळा काढतो, आवाज वेगळा काढतो. पुढच्या शुक्रवारी गावी येताना साफ करून आणणार आहे.

तेव्हापासून मी कुजबुजतो. घसा बसला असं सांगितलं. लिलाबाईने काढा पाजला, हळद पाजली, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, आता वाशिमच्या मोठ्या डॉक्टरची भाषा करते आहे. रविवारच्या वंदनेला माझा आवाज सगळ्यांच्या वर असतो, या रविवारी मी फक्त ओठ हलवले, तर शेजारचे धरमसिंग वंदना संपल्यावर म्हणाले, "काहून पुंजाजी, तब्येत बरी नाही का?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी तो शब्दच सोडला आहे. काल लिलाबाईने विचारलं, वांग्याची भाजी कशी झाली, तर मी म्हटलं, उत्तम. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्या भाजीला उत्तम म्हटलेलं नाही. तिने कढई पुढे ओढून भाजी स्वतः चाखून बघितली.

रुळावर मी कधी घाबरलो नाही. समोरून गाडी येताना बाजूला होणं हा माझा रोजचा धंदा होता. पण या भीतीपासून बाजूला होता येत नाही. गाव मला मारणार नाही, हे मला कळतं. हसेल, वर्षभर नावं ठेवेल, माझ्या नातवंडांच्या लग्नातही सांगेल. तेही सोसेन. मला भीती आहे ती धम्मदीपाची. पोरीने हातमोजा ज्वारीच्या कोठीमागे टाकून दिला आहे. जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी पुढच्या शनिवारी वाशिमला आहे, आणि ती म्हणते मी जात नाही. जेवते अर्धी पोळी. ज्या आज्याच्या मांडीवर वाढली त्यानेच आपल्याला हरवलं हे तिला कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल, हा विचार आला की माझा खरोखरच आवाज जातो.

असो. जास्त काय लिहू. गुडघ्याला तेल लाव, थंडीत फिरू नको.

तुझा भाऊजी,
पुंजाजी

ता. क. तू चाणाक्ष आहेस, तुला अंदाज आलाच असेल. एक लहानसं काम आहे. पत्र मिळताच जिनदास शेठना फोन कर आणि सांग की अकोल्याला ओरडलो तो मी. तुझं काय जाणार आहे? तू दोन वर्षांतून एकदा येतोस, तेही लाडवांसाठी. तू पाहुणा माणूस, पाहुण्याला गाव काही बोलत नाही. आवाज माझ्यासारखा कसा, असं विचारलं तर सांग, बहिणीच्या घरी राहून लागला. एवढं केलंस तर डब्याचं मी बघून घेतो.

दुसरं ता. क. हे संध्याकाळी लिहितो आहे. पाकिटावर तुझा पिनकोड टाकायला मी कागद खाटेवर ठेवून डायरी शोधायला आत गेलो. परत आलो तर धम्मदीपा खाटेवर बसून शेवटचं पान वाचत होती. पळून जावं असं वाटलं, पण दारात लिलाबाईने पापड वाळत घातले होते.

तिने पानाची घडी घातली. मग म्हणाली, "आबा, तुमचा आवाज मले वयखू येत नाही का? तुमीच होते, मले तवाच मायित होतं. अन् तुमी बेस म्हणता म्हंजे चांगलं म्हणता, हे बी मायित होतं." मी म्हटलं, मग तिकडे का फेकलास? तर पोर रडायला लागली. "मी घाबरली होती, आबा. घराकडे पाह्यलं तं ते पोरगी अंगावर धावत येऊन राह्यली होती. वाटलं, माह्या हातून वाकडा गेला तं? पयला बेस जवय दिसला, टाकला तिकडं. मंग साऱ्यायनं इचारलं, तं म्हटलं बेस ऐकू आलं. तुमी तोंड बंद करून बसले, मले वाटलं तुमाले माह्यं खोटं समजलं, तवापासून मले लय भेव लागून राह्यला."

राजपाल, म्हणजे पंधरा दिवस आम्ही दोघं एकाच घरात, एकमेकांना घाबरून, एकाच ताटात जेवत होतो. मी तिला जवळ घेतलं. दोघंही रडलो, आणि लिलाबाई पापड उलटता उलटता म्हणाली की आता यांच्या घशाला खरंच काहीतरी झालं.

ठरलं ते असं. मॅडमना ती सोमवारी स्वतः खरं सांगणार आहे. ते तिचं आणि तिच्या गुरूचं. शनिवारी वाशिमला जाणार आहे. हातमोजा कोठीमागून निघाला, उद्या त्याला ऊन दाखवायचं आहे. पण गावाचं वेगळं. गाव म्हाताऱ्याच्या तोंडाला माफ करतं, सोळा वर्षांच्या पोरीच्या भीतीला करत नाही. ते लग्नापर्यंत तिच्या मागे लावून देतं. म्हणून नमन यायची वाट न बघता मी आत्ताच जिनदास शेठच्या दुकानात, ती आरोळी माझीच हे सांगायला, निघालो आहे. चप्पल उलटी घातली ती आत्ता लक्षात आली.

तेव्हा वरचं पहिलं ता. क. रद्द समज, फोन करू नको. हे पत्र फाडून टाकावं असं मनात आलं होतं, पण एवढं सगळं एकट्याच्या पोटात राहत नाही. तू वाच आणि लगेच चुलीत घाल, विशेषतः हे पान. आणि यापुढे तुला कोणी काहीही विचारलं, तिच्या लग्नात विचारलं तरी, तू एवढंच सांगायचं की पोरगी बेस खेळत होती, घोळ घातला तो पुंजाजीने.