पहिलीच्या बाकात अडकलो

प्रिय सौभाग्यवतीस,

सप्रेम आशीर्वाद, आणि आधीच सांगतो, आम्ही तिघेही सुखरूप आहोत.

बातम्यांत दाखवला तो पूर आपल्या मुलाच्याच गल्लीतला. पण पाणी मर्यादा सोडून वागलं नाही, कमरेपर्यंतच आलं. चष्मा वाचला. कवळी मात्र नदीबरोबर निघून गेली. पत्रात माझं बोबडं बोलणं ऐकू येत नाही, एवढंच बरं.

सध्या मुक्काम टेकडीवरच्या शाळेत. किती वर्षांनी खडूचा वास आला! सूनबाईचं मात्र मन कशात लागेना. संसार चिखलात गेल्यापासून पोरीने ना घास घेतला, ना शब्द काढला.

काल मी पहिलीच्या मुलांच्या, टेबल जोडलेल्या बाकात बसलो आणि डोळे मिटून नदीची कविता म्हणू लागलो.

"बाबा, पुरे आता नदीचं कौतुक!" मुलगा ओरडला.

उठायला गेलो, तर बाकही माझ्याबरोबर उठलं. सगळे ओढून थकले. शेवटी सुतार आला, तरी माझी कविता चालूच.

"आजोबा, कविता थांबवा आणि पोट आत घ्या!"

"पोट आत घेतलं तर सूर कुठून लागणार?"

तेवढ्यात सूनबाई फिस्सकन हसली. हसता हसता रडली, पुन्हा हसली, आणि मुलाने पुढे केलेलं ताट घेऊन माझी गंमत बघत जेवायला बसली.

तुझे गुडघे कसे आहेत? एक गोष्ट फक्त तुला सांगतो. सुताराने पहिला खिळा काढला तेव्हाच मी मोकळा झालो होतो. पण तिचं ताट रिकामं होईपर्यंत अडकून राहिलो.

तुझाच,
पहिलीत बसलेला म्हातारा