आधी लिहून द्या, मग बघू

१९ मार्च ९५
दुपारी भिंतीवर थाप. शेजारची कमला आंटी. "अरी सुमन, तेरे मिस्टर का फोन! टीवीवाला है!" सगळ्या चाळीला कळलं. हे अंबरनाथला कंपनीत, म्हणून मीच घेतला. दिलीप म्हणून कोणी, अंधेरीच्या मालिका काढणाऱ्या ऑफिसातला. त्याच्या मेव्हण्याकडे गणपतीला आलेला तेव्हा आपल्या मंडळाचं नाटक बघितलं. ते ह्यांनी लिहिलेलं. कारखान्यात नवरा मरतो आणि त्याच्या जागी बाई कामाला लागते ते. दिलीपला त्या बाईवर मालिका करायची आहे.
त्या बाईचं निम्मं बोलणं माझं आहे. हे कबूल करत नाहीत.
हे आले, ऐकलं, आणि चपला न काढता उलटे आंटीकडे फोन करायला.

२६ मार्च
हे अंधेरीला जाऊन आले. तेरा भागांची गोष्ट लिहून द्यायची, पहिले दोन भाग संवादासकट. चॅनलला आवडलं तर करार. तोपर्यंत काही नाही. त्याला डेव्हलपमेंट म्हणतात म्हणे.
हे बोलले, "थोडं मानधन मागू का गं?"
मी बोलले, मुळीच नाही. पहिल्याच भेटीत पैशाचं काढलं की पार्टी उठून जाते. मी दुकानवाल्या नारीशेठला फ्रॉकचा नमुना फुकट शिवून देते की नाही? आवडला तर ऑर्डर. एवढी वर्षं कॅम्पातल्या बाजारात तसंच चालतं.
"सुमन, ते कापड आहे."
"आणि हा कागद. लिहा गुपचूप."

११ एप्रिल
हे कंपनीतून आले की चहा, की लगेच लिहायला. मशीनचा आवाज नको म्हणून माझी तिन्ही मशीनं संध्याकाळची बंद. शिवणाऱ्या बायका कुरकुरतात. कुरकुरू देत.
वाचून दाखवलं. ती बाई पहिल्या पगाराचं पाकीट घेऊन नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहते आणि काहीच बोलत नाही, ते. मी उठून मोरीत गेले. उगाच भांडी वाजवली.

४ मे
दिलीप स्वतः आला घरी. पोहे खाल्ले, दोनदा घेतले. "वहिनी, साहेब कमाल लिहितात. थोडेसेच बदल." कारखान्याऐवजी अत्तराची कंपनी. चाळीऐवजी बंगला.
मी बोलले, अत्तराच्या कंपनीत नवरा मरणार कशाने? वासाने?
दिलीप हसला. हे नाही हसले.

२ जून
तिसऱ्यांदा बदल. आता बाई मालकाची सून. आणि मेलेला नवरा विसाव्या भागात परत आणायचा. तेराचे सव्वीस झाले मधेच. ह्यांनी बिनपगारी रजा टाकली. रात्रपाळीला त्यांच्या जागी मोरिवलीचा एक पोरगा जातो, सुपरवायझर तोंड वाकडं करतो.
काल बोलले, "सोडून देऊ का?"
मी बोलले, एवढं केल्यावर? नमुना दोनदा उसवला तर काय हात झिजतो? ऑर्डर मोठी आहे.
झिजतो. डोळे बघा ह्यांचे.

२० जून
बदलापूरचे गुप्ते मास्तर आले होते. तेही लिहितात. ह्यांच्यावर भडकले. "तुमच्यासारखे फुकट लिहितात म्हणून आम्हाला कोणी विचारत नाही. मी आधी पैसे घेतल्याशिवाय पेन उघडत नाही."
मी विचारलं, मग सध्या काय लिहिताय मास्तर?
"सध्या काही नाही."
हे खूप दिवसांनी हसले. मास्तर पण हसले, पण जाताना दारात थांबून मला बोलले, "वहिनी, पेन्शन आहे म्हणून मला ताठ राहता येतं. ह्यांचं काय, ते तुम्ही बघा."
बघा म्हणजे काय बघा. राग आला.

९ जुलै
नारीशेठचा माणूस नमुना न्यायला आला. मी नेहमीसारखी फ्रॉकच्या काखेत कात्री मारली. नमुना आपण अख्खा देत नाहीच. काखेत कापलं की शेठ तो दुकानात टांगून विकू शकत नाही. त्याने बघायचं, ऑर्डर द्यायची, बस. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सासूने पहिली हीच गोष्ट शिकवली.
कात्री हातातच राहिली.
ह्यांना मी फुकट द्या एवढंच सांगितलं. कात्री मारायची असते ते सांगितलं नाही. सुचलंच नाही. आणि कागदाला मारायची तरी कुठे? गोष्ट सगळी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितली की गेली.
तो माणूस बोलला, "क्या हुआ भाभी, तबियत?"
ह्यांना सांगितलं नाही. काय सांगू.

२८ जुलै
चॅनलचे साहेब बदलले. नवीन साहेबांना विनोदी पाहिजे. रडकी बाई नको.
दिलीप फोनवर अगदी रडवेला. "वहिनी, ह्यात कोणाचा दोष नाही हो. मलाही काही मिळालं नाही."
खरंच नसेल मिळालं. चोरी केली असती तर अंधेरीला जाऊन पायातली काढली असती. आता शिव्या द्यायच्या कोणाला? अत्तराला?
हे बोलले, "असू दे." उद्यापासून परत कामावर.

६ ऑगस्ट
मंडळाचे पाटीलभाऊ नाटक मागायला आले. हे बोलले, यंदा नाही.
पाटीलभाऊ चाचरले. "अहो, टीव्हीवाल्यांना लिहिलंत, आता आमचं कसं... मानधन देऊ आम्ही. वर्गणीतून काढतो काहीतरी."
ह्यांचा चेहरा असा झाला की मी पुढे होऊन चहाचं विचारलं. पाटीलभाऊंनी घेतला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा.
ते गेल्यावर मी तोंड सोडलं. मंडळाला पण फुकटच लिहायचात ना? शाल नि नारळ. मग त्यांना कशाला नाही?
हे शांतपणे बोलले, "मंडळाला मी देत होतो. टीव्हीवाल्यांनी माझ्याकडून करून घेतलं."
मला फरक कळला. उशिरा कळला.

१३ ऑगस्ट
तरी बसले होते लिहायला. मीच बसवलं, पाटीलभाऊ दुखावले म्हणून. मशीनं बंद ठेवली. अर्धं पान झालं नि उठले.
"ती बोलत नाही गं."
"कोण?"
"ती बाई. बोलली की बंगल्यातल्यासारखी बोलते."
मी बोलले, दुसरी बाई घ्या. माझं ऐका, मी बोलते तसं लिहा.
"तुझंच बोलणं होतं ते," हे बोलले.
इतक्या वर्षांनी कबूल केलं. तेही असं.

२ सप्टेंबर
मंडळाने ऑर्केस्ट्रा आणला. हे मुद्दाम दुसरी पाळी मागून गेले. मी आरतीपुरती जाऊन आले. तीन बायकांनी विचारलं, "नाटक नाही का यंदा?" तिघींना खेकसले. त्यांचं काय चुकलं.

१५ ऑक्टोबर
काल हे आपणहून काही खरडत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. भांडी पण हळू घासली. कागद फाडला नाही, उशीखाली ठेवला. बघायला हात शिवशिवतो. नाही बघणार.

११ नोव्हेंबर
आंटीकडे पापड लाटायला गेले होते, तिथेच फोन वाजला. दिलीप. दुसरं ऑफिस, दुसरं चॅनल. "वहिनी, ह्यांना तीच बाई पाहिजे. कारखानाच पाहिजे, चाळच पाहिजे. काही बदलायचं नाही. फक्त आधी लिहून द्या, मग बघू."
मी बोलले, पैसे आधी.
"वहिनी, नवीन लेखकाला आधी कोण देतं? साहेबांना द्या ना फोन."
घरात नाहीत, मी बोलले. घरातच होते, दाढी करत होते.
"संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर दुसरा लेखक उभा आहे."
पापड तसेच टाकून आले. कारखाना पाहिजे म्हणाला. चाळ पाहिजे म्हणाला. ऐकलं तर हे उड्या मारतील. आणि ह्या नव्या लोकांनी पण पुढे अत्तर मागितलं तर, हे पुन्हा उठतील का? उशीखालचं आहे ते पण जाईल.
पहिल्या वेळी मीच ढकललं. आज मीच दार लावलं. दोन्ही वेळा ह्यांना विचारलं नाही.
ह्यांनी विचारलं, "पापड झाले इतक्यात? चेहरा का असा?"
मी बोलले, सांगते, चहा घ्या आधी.
समोर बसलेत. चहा पिऊन झालाय. माझं लिहिणं संपायची वाट बघतायत.