जोव्हीपुढे हात धरू नका

प्रिय कोरिंगताईस,

इस्कोचा नमस्कार. माझा खोकला कमी आहे, काळजी करू नकोस. तुझे गुडघे शेकतेस ना?

फोनवर तू म्हणालीस, "घरची भांडणं मोबाइलमधल्या परक्या बाईला सांगता? लाज सोडलीत!"

सोडली, ताई. लेक इतक्या वर्षांनी हाँगकाँगहून परतली, तेव्हा तिची पोर जोव्ही तिच्याजवळ जाईना. थोरांना करायच्या आपल्या नमस्कारासाठी लेकीने हात पुढे धरला. "आईचा हात कपाळाला लाव," म्हणत तिने पोरीची मान दाबली. तेव्हापासून पोर बोलेनाशी झाली.

समुपदेशन करणाऱ्या त्या बाई पहिल्यांदा मोबाइलवर दिसल्या, तेव्हा पाहुण्या म्हणून मी त्यांच्यापुढे तांदळाचा गोड, गरम पुतो ठेवला. जोव्ही खुदकन हसली. म्हणाली, "आजोबा, त्या खाणार कशा?" लेक रडायलाच लागली.

बाईंनी सांगितलंय, हात कपाळाला लावायची सक्ती सध्या नको.

तुमच्या गावच्या जत्रेला आम्ही येऊ. बोटीत जोव्हीला उलट्या होतात, त्याचीच धास्ती आहे. पण तिथे तिच्यापुढे कुणीही हात धरायचा नाही, तूसुद्धा नाही. धरलास, तर तिच्याऐवजी मीच सगळ्या गावासमोर वाकून तो कपाळाला लावीन. मग हसू दे गावाला.

तुझा हट्टी धाकटा भाऊ,
इस्को