शिकारीसाठी घेतलेली दुर्बीण

बाबा, गेल्या महिन्यात आम्ही एक दुर्बीण घेतली, तुमच्या नातीसाठी. तिला तुम्ही पाहिलं नाहीत. ती झाली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता ती सोळा वर्षांची आहे, इथे जर्मनीतच वाढली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. दुर्बीण पक्षी बघायला घेतलेली नाही. ती शिकार शिकतेय. जन्मभर जनावरांवर उपचार करणाऱ्या, अंडंसुद्धा न खाणाऱ्या माणसाला हे लिहिताना हात थांबत होता, म्हणून आधी तेच लिहून टाकलं. आता हे झालं कसं ते सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी आणि पोरगी हायडेलबर्गहून घरी येत होतो. आम्ही वाल्डॉर्फजवळ राहतो, ह्यांचं ऑफिस तिथे आहे. मोठ्या रस्त्यावर श्टाऊ होता, गाड्या हलत नव्हत्या, म्हणून मी जंगलाच्या कडेचा रस्ता घेतला. नुकतंच मावळलं होतं. उजवीकडून एक हरीण आलं, इथलं ते लहान चणीचं, शेळीएवढं, आणि मला नीट ब्रेकही दाबता आला नाही. गाडीला फारसं काही झालं नाही. हरीण मेलं नव्हतं. त्याचे मागचे पाय गेले होते आणि पुढच्या दोन पायांवर ते गवतात उठायला बघत होतं, पुन्हा पुन्हा. मी पोलिसांना फोन केला. इथे पोलीस त्या भागातल्या शिकाऱ्याला बोलावून घेतात. फोन ठेवला आणि मी गाडीत जाऊन बसले. पोरगी बसली नाही. जवळ गेलं की हरीण जास्त धडपडतं हे तिच्या लक्षात आलं होतं, म्हणून ती थोडं अंतर ठेवून कडेला उभी राहिली, अगदी न हलता.

शिकारी म्हणून आली ती एक बाई निघाली, सत्तरी ओलांडलेली, हिरव्या जाकिटातली, पूर्वी शाळेत भूगोल शिकवणारी. तिने पोरीला गाडीत जायला सांगितलं. पोरगी म्हणाली, "नाइन," म्हणजे नाही. बाईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "मग माझ्या मागे उभी राहा." एकच गोळी. त्यानंतर बाई गुडघ्यांवर बसली, हरणाच्या मानेवर हात ठेवून थांबली आणि शेजारच्या झाडाची एक बारीक डहाळी तोडून तिने त्याच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास. इथल्या शिकाऱ्यांची ती रीत आहे असं मागाहून कळलं. गाडीच्या काचेतून हे बघताना मला तुमचा दवाखाना आठवला.

म्हणजे खरं तर आधी आपलं स्वयंपाकघर आठवलं. दवाखान्यातली वीज गेली की तुम्ही इंजेक्शनच्या सुया घरी उकळायला आणायचात आणि आई ते पातेलं वेगळं, खिडकीत पालथं घालून ठेवायची. मी दहा-अकराची असेन. बस स्टँडसमोर टांग्याचा घोडा पडला आहे, पाय मोडलाय, आणि शाळेतून येताना तुम्ही मला तिथे दिसता. मी गर्दीतून पुढे येऊन तुमचा शर्ट धरते. "बाबा, वाचवा ना त्याला." तुम्ही मान वर न करता म्हणता, "शर्ट सोड. माझ्याकडे नको बघूस, त्याच्याकडे बघ." आणि त्याला शेवटचं इंजेक्शन देता. मला त्या बोलण्याचा इतका राग आला होता! किती दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्हीही समजूत काढली नाहीत. त्या संध्याकाळी तुम्ही मागच्या पायरीवर बसून बराच वेळ हात धूत होतात आणि जेवायला आला नाहीत, एवढं मात्र मी पाहिलं होतं.

हिवाळ्यात पोरीने जाहीर केलं की तिला शिकारीचा परवाना काढायचाय. इथे त्यासाठी महिनोन् महिने अभ्यास असतो: प्राणी, त्यांचे आजार, झाडं, कायदा, बंदूक. ह्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "शिकार? आपल्या घरात?" मी म्हटलं, "अगं, आपण मांस खात नाही." ती जर्मनमध्ये म्हणाली, "मला खायचं नाहीये, आई. पण त्या दिवशी ती बाई आलीच नसती तर? कोणीतरी यायला पाहिजे ना?" हे म्हणाले, "मग जनावरांची डॉक्टर हो, तुझ्या आजोबांसारखी." ती म्हणाली, "तेही होईन." सासूबाईंना आम्ही व्हिडिओ कॉलवर सांगितलंय की ती जंगलाचा अभ्यास करतेय.

ती बाईच तिला शिकवायला तयार झाली. बंदुकीचं तिने नावही काढू दिलं नाही. "आधी फेर्नग्लास," म्हणाली. म्हणजे दुर्बीण. "महाग नको, वाहून कंटाळा येईल अशी नको. आणि दुकानात दिव्याखाली निवडू नका. संध्याकाळी जा आणि बाहेर येऊन बघा." मी इंजिनिअर, तेव्हा मी आधी तक्ते केले. मला खिशात मावणारी घडीची दुर्बीण पसंत पडली होती, दहा पट मोठं दाखवणारी, स्वस्त आणि हलकी. दुकानातला माणूस आमच्यासमोर सगळ्यात मोठी ठेवू लागला, छपन्न मिलीमीटरच्या भिंगांची. "अंधारात हिच्यासारखी दुसरी नाही." ती गळ्यात अडकवल्यावर पोरगी पुढे वाकली. किंमत ऐकून मीही वाकले. मग आम्ही तीन-चार दुर्बिणी घेऊन दाराबाहेर आलो. समोर पार्किंगपलीकडे झाडी होती, उजेड कमी होत चालला होता. माझ्या दहा पटवालीतून झाडी नुसती थरथरत होती. हाताचा प्रत्येक कंपही दहा पट होतो, हे मी कागदावर विसरले होते. शिवाय भिंग लहान, त्यामुळे चित्र काळपट. पोरीला चष्मा आहे. काही दुर्बिणींत तिला मधोमध नुसता एक गोल दिसत होता, कडा गायब. शेवटी तिने आठ पटीची, बत्तीस मिलीमीटरवाली उचलली, डोळ्यांकडची रबरी कडी आत फिरवली, दोन नळ्या तिच्या छोट्या चेहऱ्याला जुळवल्या आणि ती झाडीकडे वळवली. मी विचारलं, "दिसतंय?" ती म्हणाली, "खालच्या फांदीवर खार आहे. ती आपल्याकडे बघतेय." मला नुसत्या डोळ्यांनी फांदीही दिसत नव्हती. तीच घेतली. पाणी आत न जाणारी, रबराचं आवरण असलेली, म्हणजे लाकडावर आपटली तरी आवाज होत नाही. किंमत आमच्या बेतातली होती.

परवा त्या दोघींबरोबर मीही गेले. शेताच्या कडेला लाकडी मचाण असतं, शिडी चढून जायचं आणि फळीवर बसून राहायचं. फळी दोघींपुरतीच, आम्ही तिघी दाटीवाटीने बसलो होतो. पलीकडे मका उभा होता. ऊन उतरल्यावर एक हरणी बाहेर आली, लंगडत. पुढचा एक पाय ती टेकतच नव्हती. बाई तिला ओळखत होती, पण पाय असा आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने आपल्या जुन्या दुर्बिणीतून खूप वेळ पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "एकटी आहे, पिल्लू नाही. शिकारीचा मोसम उघडलाय. हिवाळ्यात हाल होतील तिचे." तिने बंदूक उचलली. पोरीने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नव्हती. ती हरणीकडे बघतच नव्हती, मक्याच्या कडेवर तिची नजर फिरत होती. आणि तिने डावा हात बाईच्या बाहीवर ठेवला. "थांबा. तिथे कान आहेत."

"कुठे?"

"तिसऱ्या ओळीत. खाली. पिल्लू आहे."

बाईने पुन्हा दुर्बीण लावली. मला वाटलं आता ती म्हणेल, पानं आहेत. हरणीने मान वळवली आणि मक्यातून पिल्लू खरंच बाहेर आलं, तिच्या पोटाशी घुसलं. बाईने बंदूक खाली घेतली, त्यातली गोळी काढून खिशात टाकली. "गेनाऊ," म्हणाली, म्हणजे बरोबर. मग थोड्या वेळाने, "माझ्या डोळ्यांना दिसलं नसतं." मी विचारलं, मग त्या पायाचं काय? ती म्हणाली, "चरतेय, अंगाने भरलेली आहे. तीन पायांवर जगतात काही काही. पिल्लाला अजून ती लागेल. आपण लक्ष ठेवू." अंधार पडेपर्यंत हरणी आणि पिल्लू चरत होती आणि पोरगी बघत होती. खाली उतरल्यावर मात्र ती शिडी सोडेना, जाकिटाची चेन मला लावून द्यावी लागली.

हे कुठे पाठवायचं नाहीये, मला माहीत आहे. ह्यांनाही दाखवणार नाही. एवढंच सांगायचं राहिलंय. परतताना गाडीत ती एकदम, मराठीत, शब्द शोधत म्हणाली, "आजोबा मला रागावले असते?"

मी म्हटलं, "नाही."

"तुला कसं माहीत?"

"माहीत आहे," मी म्हटलं. तिला ते पटलं, ती खिडकीला डोकं टेकून झोपली.

मला माहीत नाही, बाबा. तुम्हाला न विचारता मी तुमच्या वतीने सांगून टाकलं.