खेडच्या ट्रंकेतले ‘भुयार’चे अंक

सोमवार, ५ जानेवारी

साठ अंक! ‘भुयार’चे! मुखपृष्ठांसकट!

खेडहून सुलेमानचाचांचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. तशाच हातांनी घेतला. चाचांचं रद्दीचं दुकान आहे, ‘भुयार’सारखी जुनी रहस्यमासिकं आली की पहिला फोन मला. कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाची ट्रंक आली आहे म्हणाले. मी आधी विचारलं, कव्हरं आहेत ना? कारण वाचनालयांची रीत मला ठाऊक आहे, अकरा वर्षं इथल्या वाचनालयात नोकरी केली. सहा अंक एकत्र शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा आणि चित्राची कव्हरं आधीच टराटरा फाडून टाकायची. आमचा शिपाई धाकू त्या कव्हरांवर स्टोव्ह पेटवून चहा करायचा. तो चहा मीही प्यायले आहे. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

“ताई, कव्हरं हायत. पण ट्रंकेत सगळी खिचडी हाय, मला मोतीबिंदू. तुम्हीच येऊन वेगळे काढा. १८ तारखेच्या रविवारपर्यंत ठेवतो. सोमवारी टेम्पो भरायचाय.”

एक दिवस हवा. फक्त एक दिवस!

मंगळवार, ६ जानेवारी

सासूबाईंना विचारलं. म्हणजे धीर करून, चहा देताना.

“मना एकटीला टाकून रद्दी आणायला खेडला?” एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. चहा गार झाला. मी पुन्हा गरम करून दिला.

दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, चालवा त्यांना. पण पाय टेकला की “मेले गो!” अशी किंकाळी. वॉकर कोपऱ्यात उभा आहे, त्यावर मी टॉवेल वाळत घालते. बाथरूमला नेताना त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर. नोकरी तेव्हाच सोडली. मासळी बाजार, औषधं, येणं-जाणं धरून मला पाऊण तास मिळतो. पन्नास मिनिटं झाली की फाटकापर्यंत हाका ऐकू येतात.

गुरुवार, ८ जानेवारी

मालनताईंना देवरूखला फोन केला. सासूबाईंची सख्खी लेक. एक रविवार आईजवळ बसायला काय हरकत आहे?

“अगं वहिनी, पोरीची बारावी! आणि तुझ्याशिवाय आईचं पान तरी हलतं का?”

स्तुती करून कटवणं कोणी यांच्याकडून शिकावं.

शुक्रवार, ९ जानेवारी

विनोदचा, म्हणजे नवऱ्याचा, बोटीवरून फोन. तीन वेळा तुटला. चौथ्यांदा कळलं ते इतकंच, “आईला एकटं सोडू नको.” स्वतः सात महिने समुद्रात आहे, हे तो कोणत्या हिशेबात धरतो कोण जाणे.

शेजारच्या वहिनी आपणहून बसायला तयार झाल्या. सासूबाई म्हणाल्या, “परक्या बाईनं मना धरायचं? त्यापेक्षा मरू दे मना!” त्या वहिनींच्या देखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवार, ११ जानेवारी

दुपारी त्या झोपल्यावर माडीवर गेले. अकरा पायऱ्या, आणि वर माझं एकटीचं राज्य. कपाटात एकशे चाळीस अंक, प्रत्येक वेगळ्या पिशवीत.

बराच वेळ नुसती चित्रं बघत बसले. स्वस्तातली छपाई, लाल रंग ओठांवरून घसरून गालावर आलेला. हिरव्या लुगड्यातली बाई, हातात पिस्तूल. दुसरी जिना उतरून धावते आहे, अंबाडा सुटलेला. तिसरीनं खिडकीतून एक पाय बाहेर टाकलाय. लोकांना या बाया चवचाल वाटतात. मला वाटतं, एकशे चाळीस बायांत घरात बसलेली एकही नाही! सगळ्या कुठून तरी निसटतायत आणि मागे वळून बघतायत, कोणी येतंय का.

सासूबाई म्हणतात, “कपाट भरून नागव्या बाया ठेवल्यान! देवाचा एक फोटो तरी हाय का वर?”

रडले आज. चांगलं हुंदके देऊन. मग खालून हाक आली.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला. गोड बोलल्या. “माझा काय खरा नाय आता. मी गेले की मग जा हवी तिथं.”

याला गोड बोलणं म्हणायचं असेल तर म्हणते.

गुरुवार, १५ जानेवारी

चाचांना सांगितलं, जमत नाही. ते म्हणाले, “रविवार अजून यायचाय.”

शनिवार, १७ जानेवारी, सकाळी

नीट लिहिते.

जायचं नाही तर नाही, निदान माझ्याकडे नसलेल्या अंकांची यादी चाचांना द्यावी, मोतीबिंदूतून दिसतील तेवढे बाजूला काढतील, म्हणून माडीवर गेले. ‘भुयार’चा गठ्ठा काढला. त्यात ‘डॉक्टरांचा शेवटचा घोट’ या कादंबरीचा अंक आहे. माझ्या संग्रहातला सगळ्यात दुर्मीळ, कारण त्याचं शेवटचं प्रकरण कागदी पट्टी डकवून बंद केलेलं आहे. पट्टीवर छापलंय, ‘कमकुवत हृदयाच्या वाचकांनी ही पट्टी फोडू नये.’ साठ वर्षं कुणी फोडली नव्हती. मीही नाही. खून कुणी केला हे कळावं म्हणून जीव तुटायचा, तरी नाही.

दिवाळीत पिशवी बदलली तेव्हा पट्टी शाबूत होती. आता कापलेली आहे. नीट, सरळ, सुरीनं.

उंदीर सुरी वापरत नाहीत. विनोद समुद्रात. मालनताई गणपतीनंतर फिरकलेल्या नाहीत. घराला कुलूप मी लावते, मीच उघडते. आत राहतात त्या एकट्या सासूबाई.

अकरा पायऱ्या!

संताप आला, आणि हसूही. दोन वर्षं मी यांना खांद्यावर वागवते आहे. की माझंच डोकं फिरलंय?

शनिवार, दुपारी

जेवण वाढलं. कढीचा वाडगा हातात देता देता सहज विचारलं, “आई, डॉक्टरांना विष कोणी घातलं हो?”

“कंपाउंडरनं,” त्या म्हणाल्या.

आणि वाडगा तसाच हातात राहिला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तू कामाला जायचीस ना, तेव्हा दिवसभर घरात एकटीला भय वाटायचं गो.”

मला त्यांची दया आली. खरंच आली. पण उद्या पहाटेच्या पॅसेंजरनं मी खेडला जाते आहे, आणि सोमवारी वाचनालयात, माझी जागा अजून रिकामी आहे का विचारायला. तसं सांगितलं त्यांना. मग उठले आणि कोपऱ्यातल्या वॉकरवरचा टॉवेल काढून घेतला.