कोकिळेचं हॉटेल

मु. रेवस बंदर, जि. कुलाबा
ता. ९ फेब्रुवारी १९६३

चि. कोकिळेस,

मनुबाईचा आशीर्वाद. इथे मी बरी आहे. गुडघे दुखतात, ते चालायचंच. तुझ्या माहेरी, तळ्याला, थंडी कशी आहे? तुझ्या भावाच्या, रघूच्या, पोरांना खोकला झाल्याचं कळलं होतं, आता उतरला असेल.

तुला वाटेल, पत्र कुणाकडून लिहवून घेतलं. नाही. अक्षर माझंच आहे. गावात बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला, तिथे मी पावसाळ्यापासून जाते. सगुणाबाई शिकवतात. साठीची म्हातारी पाटी घेऊन बसली म्हणून बाया हसल्या. हसू देत. काही गोष्टी दुसऱ्याला सांगून लिहवून घेता येत नाहीत. हे पत्र मी सहा दिवस लिहिते आहे.

हॉटेल चालू आहे. छपरावर नवी कौलं घातली. भजी आता शेजारची ठमी तळते, पण चहा तिला तुझ्यासारखा जमत नाही. तू जाऊन चार वर्षं झाली, तरी लोक अजून 'कोकिळेचं हॉटेल' असंच म्हणतात.

मागच्या आठवड्यात लाँचमधून एक जोडपं उतरलं. बाईने विचारलं, ही कोकिळा कोण? म्हटलं, माझी सून. मग हॉटेल कसं सुरू केलंत, ते विचारलं. मी नेहमीचं सांगितलं. सत्तेचाळीस साली मुंबईहून रेवसला येणारी रामदास बोट बुडाली तेव्हा गावोगावची माणसं बातमीसाठी धक्क्यावर येऊन बसली होती. आमचा लेक अंबाजीही बोटीत होता. कोणाच्या पोटात काही नव्हतं. मी घरून टोप आणला, छपराखाली तीन दगड मांडले, गूळ आणि गवती चहाची पात घालून चहा केला. एकोणीस वर्षांची सून तो वाटत राहिली. माणसं आपापल्या गावी गेली, आमची चूल तिथेच राहिली.

एवढं सांगून मी थांबते. पंधरा वर्षं तिथेच थांबते आहे.

पुढचं आज लिहिते.

आठव्या दिवशी तू धक्क्यावर असताना थळच्या बाजूने अब्दुस्समद आला. सुक्या मासळीचा व्यापारी, तुझ्या सासऱ्यांचा जुना स्नेही. तुझ्यासमोर त्याने काही काढलं नाही. आम्हा दोघांना बाजूला घेऊन म्हणाला, "चला माझ्यासंगं." किनाऱ्यावर त्याने शिडाचं कापड पांघरून ठेवलं होतं. चेहरा राहिला नव्हता. पण सदरा मी शिवलेला होता. काखेत कापड कमी पडलं तेव्हा मी माझ्या लुगड्याचा हिरवा तुकडा लावला होता. तो तुकडा तसाच होता. अंबाजीच होता, बाई.

पाऊस थांबून थांबून येत होता. अब्दुस्समदने आपल्या वखारीतली कोरडी लाकडं काढून दिली. तिथेच तुझ्या सासऱ्यांनी अग्नी दिला. निघताना अब्दुस्समद म्हणाला, "वैनी, पोरीला आजच सांगा. तिचा हक हाय तो." मी म्हटलं, सांगते.

घरी आलो तर ओटीवर तुझे वडील बसलेले. तुला माहेरी न्यायला आले होते. तू दाराची चौकट धरून म्हणालीस, "बाबा, मी न्हाय येत. ते आले नि मी घरात नसले तर?" तुझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको. तुझे वडील एकटेच परत गेले.

मनाशी म्हणत होते, उद्या सांगेन. मग म्हटलं, गणपती होऊ देत. मग दिवाळी. तोवर लाँच पुन्हा सुरू झाल्या, गिऱ्हाईक वाढलं. प्रत्येक लाँचला तू किटली घेऊन पुढे जायचीस आणि उतरणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडे बघायचीस. लोक म्हणायचे, या हॉटेलात आपली कोणीतरी वाट बघत होतं असं वाटतं. त्यावर आपलं हॉटेल चाललं. त्यावर आपण जेवलो.

तू गेलीस तर आम्ही दोघं उघडी पडू, हे भय होतंच. खोटं कशाला बोलू? पण आणखीही एक होतं. तुझ्या हातात बांगड्या वाजायच्या, तेव्हा मलाही वाटायचं, येईल. चिता डोळ्यांनी पाहिली होती, तरी वाटायचं.

सात वर्षांनी शिवदासने विचारलं. लाँचवर तिकिटं फाडायचा, बायको वारलेली, बोलणं मोजकं. वर्षभर आपल्याकडे चहा प्यायला, एक वावगा शब्द नाही. विचारायचं ते त्याने सरळ माझ्यापाशी येऊन विचारलं. आपल्यात बाईचं दुसरं लग्न होतं, पाट लागतो, कोणी नावं ठेवली नसती. तू चुलीकडे तोंड करून उभी होतीस, पण हातातला झारा थांबला होता. मी पाहिलं. पाहूनही भरल्या हॉटेलात ओरडले, "माझा लेक जिता हाय! दोन दादले करतेस व्हय गं?"

"न्हाय, आत्याबाई," तू म्हणालीस. एवढंच. आणि कप धुवायला बसलीस.

अब्दुस्समद तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावर होता. त्याने चहा तसाच ठेवला आणि उठला. पुन्हा आपल्या हॉटेलात आला नाही. शिवदासने पुढे पेणकडची बाई केली, त्याला आता तीन मुलं आहेत.

तुझे सासरे शेवटच्या दिवसांत तुझं नाव घेऊन काही सांगू बघत होते. तू त्यांना चमच्याने पाणी पाजत होतीस. मी म्हटलं, भ्रमात बोलतायत.

चार वर्षांपूर्वी तू गेलीस तीही भांडून नाही. म्हणालीस, आता लाँच बघवत नाही. तेव्हाही मी गप्प राहिले.

मग गेल्या पावसाळ्यात रघू अलिबागला कचेरीच्या कामाला आला होता, तिथे भेटला. म्हणाला, "आक्का अजून वटपौर्णिमेचा उपास धरते. फेरे मारते." मी एस.टी.त बसून घरी आले. दुसऱ्या दिवशी वर्गात नाव घातलं.

परवा थळला अब्दुस्समदकडे गेले. त्याला आता कमी दिसतं. म्हटलं, पोरीला कळवते आहे. तो म्हणाला, "उशीर केलात, वैनी. तिची उमर गेली." आणि काठी टेकत मला ती जागा दाखवायला घेऊन गेला. तिथे आता सुरूची झाडं लावली आहेत, पण त्याला जागा पाठ आहे. तू आलीस तर तो तुला नेईल. तू बोलावल्याशिवाय मी बरोबर येणार नाही.

काल सकाळची लाँच लागली, हॉटेल भरलं, तेव्हा मी हे सगळं उभी राहून सांगितलं. शिवदासचं, सासऱ्यांचं, सगळं. दोन-तीन माणसं चहा न पिता उठून गेली. ठमीने माझ्याकडे पाहिलं नाही. आजही ती आलेली नाही.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मग पुन्हा तुझ्याकडून मीच काहीतरी घेतल्यासारखं होईल. तू आयुष्यात कोणावर रागावली नाहीस. आता रागाव. तू पस्तीस वर्षांची आहेस. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव, मला कळवलं नाहीस तरी चालेल.

पत्र रघूकडून वाचून घेऊ नकोस. तुला अक्षरं लावता येतात, एकटी बसून वाच.

कै. अंबाजीची आई,
मनुबाई