मगरीच्या पाण्यात प्लाविनी

सातारा,
८ डिसेंबर २०२४

चि. हरीस अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत, निदान कालपर्यंत होतो. फोनवर तू नुसतं ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. काल तुझ्या सुनेचा, स्वानंदीचा फोन आला. पोर रडत होती. म्हणाली, घाटासमोरच्या वाळूवर मगर येते, परवा पाण्याशी गेलेलं कुत्रं तिने ओढून नेलं, आणि तरी बाबा रोज सकाळी नदीत प्लाविनी करतात. छाती-पोटात हवा भरायची ही प्राणायामाची रीत तुला मीच शिकवली, पण ती घरात, चटईवर. नदीत निपचित तरंगत पडायला कोणी सांगितलं? आजपासून नदी बंद.

तुझी काळजी करणारी,
विनोदिनी

सांगली,
१३ डिसेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. जिवाला चिकटून राहणं हा क्लेश आहे, तो सुटला की भीती सुटते, हे योगाच्या वर्गात तूच सांगतेस ना? मग शिष्य पुढे गेला म्हणून गुरूने घाबरायचं?

मगर मी रोज पाहतो. जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेली असते. तुझ्या वर्गातल्या एकाही बाईला इतकं स्थिर बसता येत नसेल. नदी तिचीही आहे. घाटावर धुणं धुणारी रंगुबाई मला म्हणते, आवं आण्णा, मगरीला काय ठावं तुमी योगी हाय का मासा. तिलाही मी हसलो. काळजी नसावी. कंदी पेढे पाठव.

तुझा,
हरी

सातारा,
१८ डिसेंबर २०२४

चि. हरीस आशीर्वाद.

पेढे मिळणार नाहीत. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला मगरीपेक्षा तुझीच भीती वाटायला लागली. तुझी अंजना होती तोवर तू झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायचास. ती जाऊन वर्ष झालं. तुझी भीती सुटलीय, की जगण्यावरून मनच उडालंय? तसं असेल तर त्याला वैराग्य म्हणू नकोस.

महिनाअखेरीस मी येते. तू पाण्यात उतरलास की तुझ्याशेजारी मीही उतरणार. मला पोहता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मला धरायला एक हात मोकळा ठेव.

विनोदिनी

सांगली,
२३ डिसेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. न.

तू पाण्यात उतरू नकोस, हात जोडतो.

पत्र काल आलं. आज सकाळी नेहमीसारखा नदीवर गेलो. वाळूवर मगर नव्हती. ती तिथे नसते तेव्हा कुठे असते, हा विचार मला कधी शिवलाच नव्हता. पाण्यावर आडवा झालो आणि शेजारी तू आहेस, तुझा पदर तरंगतोय, असं वाटलं. श्वास पोटात टिकेना. पाय खाली गेले, नाकातोंडात पाणी गेलं. कशीबशी पायरी गाठली आणि वर चढलो. काय झालं म्हणून रंगुबाई विचारत होती, मी तसाच ओल्या अंगाने घरी आलो.

हो ताई, मनच उडालं होतं. मगरीने नेलं तर नेलं, असं वाटायचं, आणि त्यालाच मी अभय समजत होतो. मरणाची भीती गेली म्हणून मिरवत होतो. गेली होती ती फक्त माझ्या मरणाची.

नदी बंद. तू ये, पण घाटावर जायचं नाही. एस.टी.त खिडकीबाहेर हात काढू नकोस, गाडी पुरती थांबल्याशिवाय उठू नकोस. निघताना फोन कर, कराडला पोचलीस की पुन्हा कर.

लोभ आहेच, तो असाच घाबरा राहू दे.

तुझा धाकटा,
हरी